तोटीचा प्रवास : गुत्त्यातून तळघरात

अमेरिकेच्या उपनगरांत पाहुण्याला घर दाखवताना तळघरही आवर्जून दाखवले जाते. जिना उतरून गेले की पुष्कळदा लाकडी कट्टा, तीन-चार उंच स्टुले आणि कट्ट्यावर एक चकचकीत तोटी दिसते. तोटीची मूठ पुढे ओढली की पेल्यात ताजी बिअर उतरते. यजमानाच्या लेखी हा हौसेचा मामला असतो. आम्हांला मात्र त्यात एक लहानसा सामाजिक इतिहास दिसतो. बाटली कोणाच्याही घरी जाऊ शकते. तोटी ही मूळची चारचौघांची वस्तू. ती घरात कशी आली आणि येताना मागे काय सोडून आली, हे पाहण्याचा येथे प्रयत्न आहे.

बिअर आणि तळघर यांचे नाते जुने आहे. इंग्लंडमधील मद्यगृहांत पिंपे तळघराच्या गारव्यात असत आणि गिऱ्हाईक वर बसे. खालची बिअर वर चढवणाऱ्या हातपंपाचे पेटंट जोसेफ ब्रामा याने 1797 मध्ये घेतले. म्हणजे पिंप खाली, माणसे वर, अशी ती मांडणी होती. अमेरिकन घरात माणसेच पिंपाशेजारी खाली उतरली. हा बदल केवळ वास्तुरचनेचा नव्हे.

घरगुती तोटीची जुळणी वरवर सोपी असते. एका शीतकपाटात पिंप, जवळ कार्बन डायऑक्साइडचे नळकांडे, त्यावर दाब नियंत्रित करणारी कळ आणि दोन नळ्या : एक वायू आत नेणारी, दुसरी बिअर बाहेर आणणारी. या वायूचा इतिहासही मद्यनिर्मितीशी जोडलेला आहे. 1767 मध्ये लीड्स येथे जोसेफ प्रीस्टली याचे बिऱ्हाड बिअरच्या कारखान्याशेजारी होते. आंबवणाच्या पिंपांवर साचणाऱ्या वायूवर त्याने तेथेच प्रयोग आरंभले आणि तो पाण्यात मुरवण्याची रीत 1772 मध्ये प्रसिद्ध केली. दाब वाढला की द्रवात वायू अधिक विरघळतो, हा नियम विल्यम हेन्री याने 1803 मध्ये मांडला. तळघरातला हौशी माणूस याच नियमाशी झटत असतो.

बिअर साडेतीन अंश सेल्सिअसच्या आसपास आणि दाब चौरस इंचाला दहा-बारा पौंड, हे सर्वसाधारण प्रमाण. पण नळी आखूड असेल तर एवढ्या दाबाने पेल्यात नुसता फेस येतो. नवखा माणूस घाबरून दाब कमी करतो. मग काही दिवसांत वायू निघून जाऊन बिअर मिळमिळीत होते. खरा उपाय असतो तो अरुंद नळीची लांबी वाढवण्याचा, म्हणजे दाब वाटेतच खर्च होतो. शिवाय दर पंधरवड्याला नळ्या धुवाव्या लागतात. आणि हा वायू हवेपेक्षा दीडपट जड असल्याने बंद तळघरात गळती झाली तर तो खालीच साचतो व जिवावर बेततो. म्हणून तेथे धोक्याची सूचना देणारे यंत्र हवे. गुत्त्यात ही सारी चिंता मालकाची असे. घरी पिणाराच मालक आणि नोकरही होतो.

आता गुत्त्याकडे वळू. 'सलून' हा शब्द आपल्याकडे केशकर्तनालयाला चिकटला. अमेरिकेत तो मद्यगृहाचा होता. 1893 मध्ये ओहायो राज्यात निघालेल्या दारूबंदीवादी संघटनेचे नावच 'अँटी-सलून लीग' होते. रोख दारूवर होता, तसाच त्या जागेवरही होता. अप्टन सिंक्लेअर यांच्या 'द जंगल' (1906) या कादंबरीत ही जागा दोन्ही अंगांनी दिसते. कामगाराचा धनादेश तेथे वटतो, कडाक्याच्या थंडीत पेलाभर पैशात ऊब मिळते; आणि तेथेच त्याची मजुरी बुडते. स्त्रियांना त्या जागेत मानाचे स्थान नव्हते. घरासाठी बिअर हवी तर पोराच्या हाती डबा देऊन पाठवत; म्हणजे गुत्ता हरवला म्हणून निखळ हळहळ करण्याचे कारण नाही.

1920 ते 1933 या दारूबंदीने जुना गुत्ता मोडला. बंदी उठल्यावर 1935 मध्ये डबाबंद बिअर बाजारात आली. घरोघरी शीतकपाट येऊ लागले होते. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास बाटली-डब्यांतील बिअरने तोटीच्या बिअरला मागे टाकले. त्याच काळात कोळशाच्या भट्ट्या जाऊन तेल आणि गॅस आला, तळघरातली कोळशाची कोठी रिकामी झाली, आणि त्या मोकळ्या जागेत कट्टा उभा राहिला. घरी बिअर बनवण्यास केंद्रीय मान्यता देणाऱ्या कायद्यावर जिमी कार्टर यांनी 1978 मध्ये सही केली. पुढे शीतपेयांच्या व्यवसायाने एकोणीस लिटरची पोलादी पिंपे टाकून दिली. ती हौशी मंडळींनी स्वस्तात उचलली. गुत्त्याची तोटी अशी भंगारातल्या पिंपाला लागली.

मुंबईत याच्या नेमके उलट घडले. 1949 च्या दारूबंदी कायद्यानंतर येथेही मद्य घरात शिरले, पण 'आंटी'च्या घरात. तेथे परक्याच्या बैठकीच्या खोलीत अनोळखी माणसे शेजारी बसत. कायद्याने सार्वजनिक जागा मिटवली, तर घरच चोरून सार्वजनिक झाले. अमेरिकन तळघरात सारे काही कायदेशीर आहे आणि दार मात्र निवडक लोकांनाच उघडते.

आमच्या मते या प्रवासाचे मर्म येथे आहे. तळघरातल्या कट्ट्याने गुत्त्याची जवळजवळ प्रत्येक वस्तू घरी आणली : तोटी, स्टूल, पेला, फेससुद्धा. पत्नी आणि मैत्रिणी बरोबरीने बसू लागल्या, ही त्याची निःसंशय कमाई. आणता आला नाही तो फक्त न बोलावता आलेला माणूस. शेजारच्या स्टुलावर कोण बसेल हे गुत्त्यात आपल्या हाती नसे. वाद, भांडण, ओळख आणि क्वचित मैत्री याच अनिश्चिततेतून होत असे. सार्वजनिक जीवनाचा इतिहास लिहिताना आपण सभागृहे आणि वृत्तपत्रे पाहतो. कोणत्या वस्तू चारचौघांतून उठून घरात गेल्या, याचीही नोंद ठेवावयास हवी. तळघरातल्या तोटीला दाब लागतो, थंडावा लागतो, पुरेशी लांब नळी लागते. अनोळखी माणूस तिला लागत नाही, आणि गुत्त्याचे तर त्याच्यावाचून चालत नसे.