लगोरी कशी खेळतात? नियम, साहित्य आणि उपनगरात उरलेली जागा

लगोरी हा दोन संघांत खेळायचा धावण्याचा आणि चेंडू मारण्याचा मैदानी खेळ आहे. काही भागांत त्याला लिंगोरचा म्हणतात. हिंदी भाषक पिट्ठू किंवा सतोलिया म्हणतात, तर घाटकोपर-मुलुंडच्या गुजराती घरांत तो सातोडियुं असतो. नावे वेगळी असली तरी सात चपट्या दगडांची उतरंड आणि एक चेंडू एवढे सगळीकडे सारखे असते.

साहित्य काय लागते?

सात चपटे तुकडे आणि एक चेंडू. कौलाचे, फरशीचे किंवा लाकडाचे तुकडे चालतात. सर्वात मोठा तुकडा खाली आणि सर्वात लहान वर ठेवला, तर उतरंड पटकन लागते. फरशी फोडून तुकडे केले असतील तर कडा घासून घ्याव्यात. चेंडू रबरी किंवा टेनिसचा असावा. सीझनचा चेंडू अजिबात वापरू नये. पावसात भिजलेला टेनिस चेंडूही जड होतो आणि जोरात लागतो.

खेळ कसा चालतो?

१. भिडू दोन समान संघांत वाटून घेतात. विषम संख्या असेल तर सर्वात लहान मूल ‘कच्चा लिंबू’ होते. ते खेळते, पण बाद होत नाही.

२. छापा-काटा होतो. एक संघ लगोरी फोडतो, दुसरा क्षेत्ररक्षण करतो.

३. लगोरीपासून काही पावलांवर आखलेल्या रेषेमागून नेम धरतात. एका भिडूला साधारणपणे तीन संधी मिळतात. न फुटता गेलेला चेंडू समोरच्या संघाने एका टप्प्यात झेलला, तर अनेक ठिकाणी नेम धरणारा बाद धरतात.

४. लगोरी फुटली की फोडणारा संघ पळतो. आता त्यांना सातही तुकडे पुन्हा रचायचे असतात. तोवर दुसरा संघ चेंडूने त्यांना टिपतो.

५. उतरंड पूर्ण करून ‘लगोरी!’ असे ओरडले की डाव जिंकला. त्याआधी चेंडू लागला तर डाव गेला. काही ठिकाणी फक्त चेंडू लागलेला भिडू बाद होतो आणि बाकीचे रचणे चालू ठेवतात.

हा शेवटचा नियम वाड्यावाड्यांत बदलतो आणि बहुतेक भांडणे त्यावरूनच होतात. त्यामुळे चेंडू हातात घेऊन पळता येईल का आणि एक बाद म्हणजे सगळा संघ बाद का, हे आधीच ठरवावे.

जिंकण्याची युक्ती

टिपणाऱ्या संघाने चेंडू एकट्याने धरून ठेवू नये. एक भिडू लगोरीजवळ आणि बाकीचे चारही बाजूंना, अशी रचना ठेवून चेंडू पटापट एकमेकांकडे द्यावा. नेम चुकून चेंडू लांब गेला, तर तो आणेपर्यंत समोरचा संघ तीन-चार तुकडे रचून टाकतो. रचणाऱ्या संघात एकाने चेंडूवाल्याला हुलकावणी देऊन आपल्याकडे ओढायचे आणि दुसऱ्याने तुकडे लावायचे.

दगड नसतील तर?

मग आबाधुबी खेळता येते. यात संघ नसतात. ज्याच्या हाती चेंडू येईल त्याने दुसऱ्याला मारायचा. दोन्ही खेळांत मानेच्या वर मारायचे नाही, हा नियम पक्का असावा.

उपनगरात खेळायचे कुठे?

लगोरीला फार मोठे मैदान लागत नाही. इमारतींमधली मोकळी जागा पुरते. अंधेरीचे डी. एन. नगर, घाटकोपरचे पंतनगर यांसारख्या जुन्या वसाहतींत अशी जागा होती. पुनर्विकासात तिथे उंच इमारती आल्या आणि उरलेल्या जागेत गाड्या उभ्या राहू लागल्या. बऱ्याच उद्यानांत चेंडूचे खेळ चालत नाहीत आणि मैदानांवर क्रिकेटवाल्यांची गर्दी असते. केंद्र सरकारच्या २०१४ च्या नगरनियोजन मार्गदर्शक सूचनांत माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा सुचवली आहे. मुंबई त्याच्या जवळपासही नाही.

म्हणून सोसायटीतली जागा महत्त्वाची ठरते. कोहिनूर सीटीएनएल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१३ मध्ये सांगितले, की नियमाप्रमाणे मनोरंजनासाठी सोडायची किमान जागा जमिनीवरच हवी, ती पोडियमवर दाखवून चालणार नाही. पुढे २०१८ मध्ये मुंबईला नवी विकास नियंत्रण नियमावली लागू झाली. त्यामुळे पुनर्विकासाला निघालेल्या सोसायटीच्या सभासदांनी मंजुरीआधी आराखड्यात दोन गोष्टी पाहाव्यात: मनोरंजनाची जागा किती आहे आणि त्यातली जमिनीवर किती आहे. इमारत उभी राहिल्यावर ही जागा वाढवता येत नाही.

जिथे इमारत जुनीच आहे, तिथे उपाय सोपा आहे. संध्याकाळी ठरलेला तासभर एका कोपऱ्यातल्या गाड्या हलवायच्या, असे सभासदांनी ठरवले तरी आठ-दहा मुलांचा डाव बसतो.