लहान धमन्यांसाठी प्रयोगशाळेत घडणाऱ्या रक्तवाहिन्या

हृदयाच्या अथवा पायाच्या धमनीत अडथळा निर्माण झाल्यास शल्यविशारद त्या अडथळ्याला वळसा घालून रक्ताला नवी वाट करून देतात. या बायपास शस्त्रक्रियेसाठी लागणारी नळी आजही बहुतांश वेळा रुग्णाच्याच शरीरातून, म्हणजे पायातील लांब शिरेतून किंवा छातीच्या आतील धमनीतून, घेतली जाते. मात्र सर्वच रुग्णांकडे अशी वापरण्याजोगी वाहिनी उपलब्ध नसते. काहींच्या शिरा फुगून निकामी झालेल्या असतात, काहींच्या आधीच्या शस्त्रक्रियेत वापरून संपलेल्या असतात, तर अपघातात किंवा स्फोटात पाय चिरडलेल्या जखमीच्या बाबतीत शीर शोधून काढण्याइतका वेळही हाती नसतो. अशा रुग्णांसाठी जिवंत पेशींच्या साहाय्याने रक्तवाहिनी घडवण्याचे प्रयत्न सुमारे चार दशकांपासून सुरू आहेत.

रक्तवाहिन्या टाक्यांनी जोडण्याचे तंत्र विकसित केल्याबद्दल फ्रेंच शल्यविशारद अलेक्सिस कॅरल यांना 1912 चे नोबेल पारितोषिक मिळाले होते. कृत्रिम नळीची कल्पना त्यानंतर बऱ्याच काळाने प्रत्यक्षात आली. न्यूयॉर्कमधील आर्थर व्हूरहीस यांना कुत्र्याच्या हृदयात राहून गेलेल्या रेशमी टाक्यावर शरीराने स्वतःचा गुळगुळीत थर चढवलेला आढळला. त्यावरून त्यांनी विन्यॉन-एन नावाच्या कृत्रिम कापडाच्या नळ्या तयार केल्या आणि 1952 मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ह्यूस्टनचे मायकेल डीबेकी यांनी दुकानात नायलॉन संपल्यामुळे डेक्रॉन विकत घेतले आणि घरच्या शिवणयंत्रावर नळ्या शिवल्या, असे ते स्वतः सांगत असत. दुकानातील ही टंचाई वैद्यकशास्त्राच्या पथ्यावर पडली, असे म्हणावे लागेल. कारण महाधमनीसारख्या मोठ्या वाहिन्यांसाठी डेक्रॉन आजही वापरले जाते.

व्यास 6 मिलिमीटरपेक्षा कमी झाला की हेच साहित्य अपयशी ठरते. त्यामागील गणित सरळ आहे. नळीतून वाहणाऱ्या द्रवाचे प्रमाण, दाब तोच असल्यास, व्यासाच्या चौथ्या घातानुसार बदलते. 20 मिलिमीटर व्यासाच्या नळीत आतून अर्ध्या मिलिमीटरचा थर साचला तर वहनक्षमता सुमारे चार पंचमांश उरते. तेवढाच थर 4 मिलिमीटरच्या नळीत साचला तर ती एक तृतीयांशाच्याही खाली जाते. हृदयाच्या धमन्यांचा व्यास साधारण 3 ते 4 मिलिमीटर असतो. लहान नळीत सुरुवातीच्या काळात रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो. त्यातून ती निभावली तरी पुढील काही महिन्यांत जोडाच्या ठिकाणी पेशींची अतिरिक्त वाढ होऊन मार्ग अरुंद होतो. कृत्रिम कापड प्रत्येक ठोक्याबरोबर धमनीइतके प्रसरण पावत नाही, हेही या वाढीचे एक कारण मानले जाते.

नैसर्गिक धमनीला या अडचणी येत नाहीत, कारण ती केवळ नळी नसते. तिच्या सर्वांत आतल्या बाजूस एकाच पेशीच्या जाडीचा अंतःस्तर असतो. हा अंतःस्तर नायट्रिक ऑक्साइडसारखी द्रव्ये स्रवून गुठळी होऊ देत नाही आणि धमनीचे आकुंचन-प्रसरण नियंत्रित करतो. मधल्या थरात अरेखित स्नायूपेशी असतात आणि त्यांच्याभोवती कोलॅजेन व इलॅस्टिन या प्रथिनांचे जाळे असते. कोलॅजेनमुळे मजबुती येते, तर इलॅस्टिनमुळे ताणल्यानंतर मूळ आकारात परतण्याची क्षमता. हृदय दिवसाला सुमारे 1 लाख वेळा, म्हणजे वर्षाला साडेतीन कोटींहून अधिक वेळा धडकते. हा मार सोसणारी भिंत उभारणे हेच खरे आव्हान आहे.

पहिला महत्त्वाचा प्रयत्न 1986 मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील क्रिस्पिन वाइनबर्ग व युजीन बेल यांनी केला. त्यांनी कोलॅजेन आणि गुरांच्या रक्तवाहिन्यांतील पेशी वापरून धमनीसारखी रचना तयार केली; परंतु डेक्रॉनच्या जाळीचा आधार दिल्याशिवाय ती दाब सहन करू शकत नव्हती. 1998 मध्ये कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात निकोला लरो व त्यांच्या सहकाऱ्यांनी कृत्रिम साहित्य पूर्णपणे वगळले. क जीवनसत्त्व घातलेल्या द्रावणात मानवी पेशींचे पातळ पापुद्रे वाढवून ते दांड्याभोवती गुंडाळण्यात आले. पापुद्रे एकजीव झाल्यानंतर तयार झालेली वाहिनी पाऱ्याच्या 2,000 मिलिमीटरहून अधिक दाबापर्यंत फुटली नाही. पायातील शिरेची ही मर्यादा सुमारे 1,600 असते.

पुढच्याच वर्षी अमेरिकेतील लॉरा निकलसन, रॉबर्ट लँगर आणि सहकाऱ्यांनी वेगळा मार्ग दाखवला. शरीरात विरघळणाऱ्या टाक्यांसाठी वापरले जाणारे पॉलिग्लायकोलिक आम्ल त्यांनी जाळीच्या रूपात घेतले, त्यावर स्नायूपेशी पेरल्या आणि ती नळी पोषक द्रावणाच्या पात्रात ठेवून गर्भातील हृदयाच्या गतीने, मिनिटाला 165 वेळा, स्पंदित केली. जाळी हळूहळू विरघळत गेली आणि तिच्या जागी पेशींनी निर्माण केलेले कोलॅजेन साचत गेले. सुमारे आठ आठवड्यांत तयार झालेल्या धमन्या डुकरांमध्ये बसवण्यात आल्या. स्थिर द्रावणात वाढवलेल्या नळ्यांपेक्षा स्पंदनाखाली वाढलेल्या नळ्या सरस ठरल्या. पेशींनाही जणू तालमीची गरज असते.

मानवी रुग्णाच्या बाबतीत पहिला प्रयोग जपानमध्ये झाला. तोशिहारू शिनोका व सहकाऱ्यांनी चार वर्षांच्या एका मुलीच्या फुप्फुस धमनीचा भाग तिच्याच शिरेतील पेशी पेरलेल्या, विरघळणाऱ्या नळीने बदलला. 2001 मध्ये त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. फुप्फुसाकडील अभिसरणात दाब कमी असल्याने तेथील यश हृदयाच्या किंवा पायाच्या धमन्यांना जसेच्या तसे लागू होत नाही.

रुग्णाच्या स्वतःच्या पेशी वापरण्याचा आग्रह पुढे अडचणीचा ठरला. लरो यांच्या पद्धतीने तयार केलेल्या वाहिन्या डायलिसिसच्या रुग्णांना बसवल्या गेल्या, पण एकेक वाहिनी घडवण्यास कित्येक महिने लागत. पायाची बोटे काळी पडू लागलेल्या रुग्णाला इतका अवधी मिळत नाही. शिवाय ज्यांना वाहिनीची सर्वाधिक गरज असते ते बहुधा वृद्ध असतात आणि वृद्ध पेशी काही विभाजनांनंतर वाढणे थांबवतात.

यावर निघालेला तोडगा वरकरणी विसंगत वाटतो. दात्याच्या पेशींकडून वाहिनी तयार करून घ्यायची आणि मग त्याच पेशी क्षार व डिटर्जंटच्या द्रावणाने धुऊन काढायच्या. मागे उरतो तो केवळ प्रथिनांचा सांगाडा. परक्या पेशीच नसल्याने शरीर त्याला नाकारत नाही, तो साठवून ठेवता येतो आणि कोणत्याही रुग्णाला बसवता येतो. कालांतराने रुग्णाच्या स्वतःच्या पेशी त्यात वस्तीला येत असल्याचे काढून तपासलेल्या नमुन्यांत दिसून आले आहे.

निकलसन यांनी स्थापन केलेल्या ह्युमासाइट कंपनीच्या अशा वाहिनीची पोलंड व अमेरिकेतील 60 डायलिसिस रुग्णांवर चाचणी झाली. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार वर्षभरानंतर 89 टक्के वाहिन्या कार्यरत होत्या. तथापि कोणत्याही दुरुस्तीविना खुल्या राहिलेल्या केवळ 28 टक्के होत्या. या दोन आकड्यांतील अंतर दुर्लक्षून चालणार नाही. युक्रेनमधील रुग्णालयांत युद्धातील जखमींवरही ही वाहिनी वापरली गेली. डिसेंबर 2024 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तिला ‘सिमव्हेस’ या नावाने मान्यता दिली. मात्र ती हातापायांच्या धमन्यांना इजा होऊन अवयव गमावण्याची वेळ आली असेल आणि स्वतःची शीर वापरणे शक्य नसेल, अशाच प्रौढ रुग्णांपुरती. वाहिनी फुटण्याच्या किंवा जोड सुटण्याच्या धोक्याचा ठळक इशाराही तिच्यासोबत देण्यात आला आहे.

भारतात के. एम. चेरियन यांनी 1975 मध्ये चेन्नईच्या पेरांबूर रेल्वे रुग्णालयात पहिली हृदय बायपास शस्त्रक्रिया केली. बायपासप्रमाणेच डायलिसिसच्या रुग्णांनाही टिकाऊ वाहिनीची गरज भासते आणि 2016 मधील पंतप्रधान राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमानंतर जिल्हा रुग्णालयांपर्यंत ही सेवा पोहोचू लागली आहे. तिरुवनंतपुरम येथील श्री चित्रा तिरुनल संस्थेत, जिथे स्वदेशी हृदयझडप विकसित झाली, विरघळणारे पॉलिमर आणि रक्तातील फायब्रिन हे प्रथिन यांच्या संयुक्त सांगाड्यावर रक्तवाहिनीच्या पेशी वाढवण्याचे संशोधन झाले आहे.

मान्यता मिळालेल्या वाहिनीचा व्यास 6 मिलिमीटर आहे, म्हणजे लहान धमन्यांच्या उंबरठ्यावरचा. हृदयासाठी लागणाऱ्या 3 ते 4 मिलिमीटरच्या वाहिन्यांत दोन प्रश्न शिल्लक आहेत. पहिला अंतःस्तराचा, कारण पेशीविरहित नळीवर रुग्णाचा स्वतःचा अंतःस्तर पूर्ण पसरेपर्यंत गुठळीचा धोका कायम राहतो. दुसरा इलॅस्टिनचा. मानवी शरीर ते मुख्यतः गर्भावस्थेत व बालपणी तयार करते, आणि प्रौढ पेशींकडून प्रयोगशाळेत ते पुरेशा प्रमाणात व योग्य रचनेत मिळवणे अद्याप साधलेले नाही.