बदनामीच्या कलमाचा मागोवा

२३ मार्च २०२३ रोजी सुरतेच्या मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांनी राहुल गांधी यांना दोन वर्षांची शिक्षा सुनावली. भाषण कर्नाटकातल्या कोलारचे, एप्रिल २०१९ मधले. फिर्यादी सुरतेचे आमदार. कलमे भारतीय दंडसंहितेची ४९९ आणि ५००. दुसऱ्याच दिवशी त्यांची खासदारकी गेली. या कलमाच्या इतिहासात आपण मागे निघालो, तर वाट पुन्हा सुरतेच्याच एका माणसापाशी येऊन पोहोचते.

वल्लभ संप्रदायाचे जदुनाथजी महाराज सुरतेच्या गादीचे. पत्रकार करसनदास मुळजी यांनी २१ ऑक्टोबर १८६० च्या ‘सत्यप्रकाश’मध्ये महाराजांच्या अनाचारावर लेख लिहिला आणि जदुनाथजींनी मुंबईत पन्नास हजार रुपयांचा दावा ठोकला. सुनावणी २५ जानेवारी १८६२ ला सुरू झाली. आपल्या डॉ. भाऊ दाजी लाडांनी साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहून, संप्रदायातल्या महाराजांवर आपण गुप्तरोगाचे उपचार केल्याचे शपथेवर सांगितले. धर्मगुरूंविरुद्ध असे भर न्यायालयात बोलायला त्या काळी छाती लागे. एप्रिलमध्ये निकाल लागला, तेव्हा करसनदासांनी लिहिलेले खरे ठरले होते, आणि दिवाणी दाव्यात तेवढे पुरे होते.

पण फौजदारीचे निराळे. ही सुनावणी सुरू होण्याच्या अवघ्या चोवीस दिवस आधी, १ जानेवारी १८६२ ला, दंडसंहिता अमलात आली होती. इंग्लंडात नुसत्या तोंडी बदनामीला सहसा गुन्हा मानत नसत. इथे बोललेला शब्दही लिहिलेल्याइतकाच शिक्षापात्र ठरला. दंडसंहितेच्या मेकॉलेने केलेल्या १८३७ च्या मसुद्यात खरे बोलणे हा पूर्ण बचाव होता. १८६० मध्ये कायदा मंजूर होताना त्याला अट चिकटली: बोलणे नुसते खरे असून चालणार नाही, ते लोकहिताचेही हवे. माझ्या मते या कलमाच्या इतिहासातले खरे वळण हेच.

या फौजदारी कलमाचा फटका महाराष्ट्राला १८८२ मध्ये बसला. कोल्हापूरचे दिवाण माधवराव बर्वे यांच्याविरुद्धची पत्रे ‘केसरी’ आणि ‘मराठा’ने छापली; ती बनावट निघाली. टिळक-आगरकरांनी माफी मागूनही त्यांना चार महिन्यांची कैद झाली. प्रत्यक्षात डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस गेले. कोठडीत दोघे इतक्या चढ्या आवाजात वाद घालत, की पहारेकऱ्याला येऊन दटावावे लागे. पत्रे खोटी होती, चूक झालीच होती. पण त्या चुकीची भरपाई पैशाने करता आली असती. त्यासाठी माणसाला गजांआड टाकू नये, असे मला ठामपणे वाटते.

पुढे हीच दंडसंहिता समुद्र ओलांडून गेली. गुजरातचे व्यापारी ज्या पूर्व आफ्रिकेत पेढ्या थाटत होते, तिथे १८९७ मध्ये इंग्रजांनी ती लागू केली. केनियात १९३० मध्ये तिची जागा नव्या संहितेने घेतली, पण बदनामीचा गुन्हा तिथेही राहिला, स्वातंत्र्यानंतरही राहिला. मग ६ फेब्रुवारी २०१७ रोजी नैरोबीच्या उच्च न्यायालयाने कलम १९४ घटनाबाह्य ठरवले: अब्रूला धक्का लागला तर दिवाणी दावा आहे, तुरुंग कशाला? आपल्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र त्याच्या नऊ महिने आधी, १३ मे २०१६ ला, ४९९ कायम ठेवले होते. अब्रू हाही जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे त्याचे म्हणणे.

कलम टिकले म्हणूनच सुरतेत २०२३ मध्ये दोन वर्षांची कमाल शिक्षा देता आली. ती एका दिवसाने जरी कमी असती, तरी खासदारकी गेली नसती. कमाल शिक्षेचे कारण निकालात दिलेले नाही, असे नोंदवून सर्वोच्च न्यायालयाने ४ ऑगस्ट २०२३ ला दोषसिद्धीला स्थगिती दिली. १ जुलै २०२४ पासून दंडसंहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली आणि ४९९ चे ३५६ झाले. समाजसेवेच्या शिक्षेचा पर्याय नवा आहे. दोन वर्षांची कैद मात्र तशीच आहे, आणि कलमाच्या पहिल्या अपवादात सत्याला जोडलेली लोकहिताची अटही.