असिंक-अवेट : शब्द एक, घराणी वेगळी

मी गुम्मिडिपूंडीहून बोलतोय. चेन्नईच्या उत्तरेला, आंध्रच्या सीमेजवळचं हे गाव. सिपकॉटची औद्योगिक वसाहत ही इथली ओळख, म्हणून उदाहरणही कारखान्याचंच घेतो.

समजा, मालाचा ट्रक गेटबाहेर पडला की प्रोग्रामने दोन निरोप पाठवायचे: एक ग्राहकाला, एक वाहतूकदाराला. प्रत्येक निरोपाची पोच यायला २ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात प्रोग्रामने ताटकळत न बसता दुसरं काम उरकायचं, ही झाली असिंक्रोनस पद्धत.

जावास्क्रिप्टमध्ये दोन्ही असिंक फंक्शन आधी कॉल केली आणि मग एकेकापुढे अवेट लिहिलं, तर काम साधारण २ सेकंदांत होतं. तेच शब्द, त्याच क्रमाने पायथनमध्ये लिहा. ४ सेकंद लागतील. अवेट लिहायचं राहूनच गेलं तर? जावास्क्रिप्टमध्ये निरोप तरीही निघतो. पायथनमध्ये तो निघतच नाही; फार तर एक इशारा छापला जातो. ट्रक रस्त्याला लागलेला आणि ग्राहकाला पत्ताच नाही! हा फरक कळायला इतिहास बघावा लागतो.

मूळ कल्पना जुनी आहे. मेल्विन कॉनवे यांनी १९५८ मध्ये 'कोरूटीन' हा शब्द वापरात आणला. मध्येच थांबायचं, दुसऱ्याला चालू द्यायचं आणि थांबलो तिथूनच पुढे निघायचं. पुढे प्रत्येक भाषेने ही कल्पना आपापल्या गरजेनुसार वळवली.

१९८६ च्या सुमारास एरिक्सनमध्ये एरलँग जन्मली, ती टेलिफोन एक्स्चेंजसाठी. एक कॉल बिघडला म्हणून बाकीचे तुटता कामा नयेत, म्हणून हजारो छोट्या, स्वतंत्र प्रोसेस आणि त्यांच्यात फक्त निरोपांची देवाणघेवाण.

१९९५ ची जावास्क्रिप्ट ब्राउझरमधली. तिथे एकच थ्रेड. तो अडकला की अख्खं पान गोठतं. म्हणून काम सुरू करून द्यायचं आणि 'झालं की हे कर' असं कॉलबॅकने सांगून ठेवायचं, ही रीत पडली. २००९ मध्ये नोड जेएसने तीच सर्व्हरवर नेली. कॉलबॅकच्या पोटात कॉलबॅक वाढले, तेव्हा २०१५ मध्ये प्रॉमिस आणि २०१७ मध्ये असिंक-अवेट भाषेच्या मानकात आलं. पण जुना स्वभाव टिकला: फंक्शन कॉल केलं की काम सुरू.

असिंक-अवेट हे रूप लोकप्रिय केलं ते सी शार्पने, २०१२ मध्ये. त्यामागे एफ शार्पची प्रेरणा होती. पायथनने हे शब्द २०१५ मध्ये घेतले, पण खालचा पाया स्वतःच्या जनरेटरचा ठेवला. जनरेटर मागितल्याशिवाय काही देत नाही. म्हणून पायथनमध्ये नुसता कॉल केला तर हातात कोरूटीन येतं, काम सुरू होत नाही. दोन्ही निरोप एकत्र चालवायचे, तर त्यांचे टास्क करून द्यावे लागतात.

रस्टमध्ये असिंक-अवेट २०१९ मध्ये स्थिरावलं. तिथेही काम आपणहून सुरू होत नाही, आणि ते चालवणारी यंत्रणाही भाषेसोबत येत नाही. टोकियोसारखी लायब्ररी निवडावी लागते. रस्ट छोट्या उपकरणांवरही चालायला हवी, तिथे असं ओझं नको, हे त्यामागचं कारण.

२००९ मध्ये जाहीर झालेल्या गो भाषेने अवेट टाळलंच. कॉलच्या आधी 'गो' लिहा, काम वेगळं सुटतं. टोनी होर यांनी १९७८ मध्ये मांडलेल्या विचाराची ही वाट. जावाही २०२३ मध्ये, २१ व्या आवृत्तीत, हलके व्हर्च्युअल थ्रेड देऊन याच बाजूला झुकली.

म्हणून नवी भाषा शिकताना शब्द ओळखीचे दिसले तरी तीन प्रश्न विचारा. कॉल केल्यावर काम सुरू होतं का? ते चालवतं कोण? आणि निरोप अडला तर ते कुणाला कळतं? या उत्तरांवरच ग्राहकाचा निरोप पोचणार की नाही, हे ठरतं.

भेटू पुढच्या भागात.