उजवं हब

आमच्या घरात एक म्हण आहे, ती बाहेर कुणाला कळायची नाही. कुणी गॅस बंद करायला विसरलं, प्रवासाची तिकिटं घरी राहिली, की कुणीतरी म्हणतंच, "उजवं हब राहिलं वाटतं!" हा ब्लॉग वाचणारी निम्मी मंडळी नात्यातलीच, ती आता हसली असतील. बाकीच्यांसाठी मूळ गोष्ट सांगतो. हसलेल्यांनीही शेवटपर्यंत वाचा, कारण गेल्या दिवाळीत काही वेगळंच निघालंय.

सुरुवात थोडी मागून करावी लागेल. जीपचा पहिला नमुना बॅन्टम नावाच्या एका छोट्या कंपनीने सप्टेंबर १९४० मध्ये अमेरिकी लष्कराच्या हवाली केला. मग विलीज आणि फोर्ड यांनी मिळून युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून जास्त जीपा बनवल्या. या लष्करी जीपला 'हब लॉक' हा प्रकारच नव्हता. पुढच्या चाकांचे शाफ्ट चाकांना लोखंडी फ्लँजने कायमचे जखडलेले. आतला लिव्हर ओढून पुढची ताकद तोडता यायची, पण गाडी चालली की चाकं उलट शाफ्टला फिरवायची, शाफ्ट डिफरन्शियलला, आणि ते पुढच्या प्रॉपेलर शाफ्टला. सगळा कारखाना फुकट फिरतोय. रणांगणावर पेट्रोलचा हिशोब कोण ठेवतो?

युद्धानंतर याच जीपा शेतकऱ्यांकडे, ठेकेदारांकडे गेल्या आणि बराचसा वेळ साध्या रस्त्यावर धावू लागल्या. तेव्हा हिशोब सुरू झाला. सिएटलच्या आर्थर वॉर्न यांनी १९४८ मध्ये फ्लँजच्या जागी बसेल असं हब विकायला काढलं. चाकाच्या मधोमध एक डायल. फिरवली की आतली दातेरी रिंग सरकते आणि शाफ्ट चाकाला जोडला जातो. उलट फिरवली की चाक मोकळं, पुढचा कारखाना बंद. कल्पना झकास. फक्त एक झालं, फोर व्हीलचं निम्मं बटण गाडीबाहेर, चिखलात गेलं.

(आपल्याकडे विलीज जीप जोडली जाऊ लागली ती माझगावात. ती कंपनी १९४५ मध्ये 'महिंद्रा अँड मोहम्मद' म्हणून सुरू झाली होती. त्यातले गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये इकडे नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झालं. विषयांतर आहे, पण राहवत नाही.)

आमची जीप मात्र डिस्पोजलची, लष्कराच्या लिलावातली. अमेरिकी असल्यामुळे स्टिअरिंग डावीकडे. आजोबा, म्हणजे अप्पा, रस्त्यांची लहानमोठी कामं घ्यायचे. साठच्या दशकात कधीतरी त्यांनी मुंबईहून जुने हब आणले आणि स्वतःच बसवले.

जुलै १९७८. रात्री अप्पांना पक्षाघात झाला. बाहेर धो धो पाऊस, कराड गाठायचं होतं. नानाकाका जीप घेऊन निघाले आणि ओढ्यापलीकडच्या चढावर गाडी रुतली. मागची चाकं चिखल उडवतायत आणि पुढची दोन्ही ढिम्म. बैल आणून गाडी काढेपर्यंत तीन तास गेले. अप्पा पुढे पाच वर्षं जगले, पण उजवी बाजू आणि वाचा गेली ती गेलीच.

निकाल त्याच आठवड्यात लागला. नाना डावीकडून उतरले, डावं हब फिरवलं आणि घाईत उजवं विसरले. नाना म्हणत होते, दोन्ही फिरवली होती. कुणी भांडलं नाही, पण विश्वासही ठेवला नाही. त्यानंतर नानांनी स्टिअरिंग हातात धरलेलं मी पाहिलं नाही. आणि आम्ही पोरांनी त्याची म्हण केली.

एक हब सुटलं तर निदान दुसरं चाक तरी ओढेल, असं वाटतं ना? तसं होत नाही. साधं डिफरन्शियल दोन्ही बाजूंना सारखाच जोर देतं. एका बाजूचा शाफ्ट मोकळा असेल तर तो गरगरतो आणि दुसऱ्या चाकाला जवळजवळ काहीच मिळत नाही. म्हणजे अर्धा बिघाड हा पूर्णच बिघाड.

गेल्या दिवाळीत शेडमधली जीप जॅकवर घेतली. दोन्ही हब लॉकवर, फोर व्हीलचा लिव्हर लावलेला, गाडी गिअरमध्ये. अशा वेळी एक पुढचं चाक हाताने फिरवलं की दुसरं उलट फिरायला हवं. मी उजवं फिरवलं, डावं हललंच नाही. उजवं आपलं नुसतंच भिरभिरतंय. झाकण खोललं. डायल फिरत होती, रिंगही सरकत होती, पण हबखालचं पॅकिंग इतकं जाड की रिंगचे दाते शाफ्टच्या दात्यांपर्यंत पोचायला दोन सूत कमी पडत होते.

मग डावं खोललं, आणि खरा पुरावा तिथे होता. एवढी वर्षं वापरलेल्या हबाच्या दात्यांच्या कडा घासलेल्या हव्यात. त्या नव्यासारख्या होत्या. उजवं कधी लागलंच नसेल, तर डाव्यावरही कधी जोर आलेला नसणार. म्हणजे ही गाडी हब बसवल्यापासून दोनच चाकांवर ओढत होती. उन्हाळ्यात कामं भागायची, लो गिअरची ताकद मागच्या चाकांना मिळायची, म्हणून कुणाला पत्ता नाही.

तीन तास आधी पोचलो असतो तर अप्पा बोलू लागले असते का? आपल्या घरातले डॉक्टर सांगतात, फारसा फरक पडला नसता. पक्षाघातात गुठळी विरघळवायच्या औषधाला अमेरिकेतच मान्यता मिळाली ती १९९६ मध्ये. पण हे १९७८ मध्ये नानांना सांगणार कोण होतं?

नानांना फोन लावला. आता चौऱ्याऐंशीचे आहेत, ऐकू कमी येतं, दोनदा सांगावं लागलं. बराच वेळ पलीकडे शांतता.

"चामड्याचं आहे ना रे पॅकिंग?" त्यांनी विचारलं.

"हो. तुम्हाला कसं माहीत?"

"जुनी वहाण कापून अप्पांनीच केलं होतं ते. मी कंदील धरून उभा होतो."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"तेव्हा कुठं कळत होतं? चारपाच वर्षांनी एकदा झोपेतून उठून सुचलं. तोवर अप्पा गेले होते." मग म्हणाले, "मूळच्या फ्लँज शेडमधल्या बिस्किटाच्या डब्यात आहेत बघ. त्याच लाव. आणि ग्रीस नवं घाल."

डबा सापडला. फ्लँज त्यातच होत्या, कागदात गुंडाळलेल्या.