‘टोटल लॉस’ म्हणजे काय? वेस्ट मांबलम, डिसेंबर २०१५

१ डिसेंबर २०१५ च्या पावसानंतर चेंबरमबक्कम तलावातून सोडलेल्या पाण्याने चेन्नईतील अड्यार नदी फुगली. सैदापेट, वेस्ट मांबलम या भागांत घरांच्या तळमजल्यांबरोबर दारातल्या गाड्याही बुडाल्या. येथे कोणी कोणाला धडकले नव्हते. तरी विम्याच्या दृष्टीने ही अपघाताचीच भावंडे होत, कारण स्वतःच्या वाहनाला संरक्षण देणाऱ्या पॉलिसीत अपघात, आग, चोरी यांच्या पंक्तीला पूरही बसवलेला आहे.

अशी पॉलिसी मात्र प्रत्येकाकडे नसते, आणि याचे मूळ कायद्याच्या इतिहासात आहे. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यातील सक्तीचा विमा १ जुलै १९४६ पासून लागू झाला. १९८८ च्या कायद्याच्या कलम १४६ ने तो कायम ठेवला. या सक्तीमागे काळजी होती ती रस्त्यावरच्या तिऱ्हाइताची. मालकाची स्वतःची गाडी गेली तर तो त्याचा प्रश्न! म्हणून केवळ ‘थर्ड पार्टी’ विमा असलेल्यांना पुरानंतर गाडीपोटी काहीच मिळणार नव्हते.

पूर्ण पॉलिसी असणाऱ्यांपुढचा प्रश्न किमतीचा होता. ‘बाजारभाव’ हा शब्द भांडणाला आमंत्रणच देतो. २००२ च्या भारतीय मोटार दरपत्रकाने त्याऐवजी आयडीव्ही, म्हणजे पॉलिसी घेतानाच ठरलेली विमा-किंमत, आणली. उत्पादकाच्या त्या वेळच्या विक्री किमतीतून वयानुसार घसारा वजा करायचा: एक ते दोन वर्षांच्या गाडीला २० टक्के, दोन ते तीनला ३०, चार ते पाचला ५०. दुरुस्तीचा खर्च या आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांपलीकडे गेला की गाडी ‘टोटल लॉस’.

समजा, सहा लाख किमतीची गाडी अडीच वर्षांची आहे. आयडीव्ही ४,२०,००० रुपये, सीमारेषा ३,१५,००० रुपये. सर्व्हेअरचा अंदाज ३,१०,००० आला तर दुरुस्ती. ३,२०,००० आला तर गाडी निकाली. दहा हजारांच्या फरकाने मालकाचे भवितव्य बदलते. शिवाय कर्ज बाकी असेल तर भरपाईवर पहिला हक्क बँकेचा, आणि नवी गाडी त्या पैशांत येत नाही ती नाहीच. १ जानेवारी २००७ पासून स्वतःच्या वाहनाच्या विम्याचे दर खुले झाले, पण आयडीव्ही आणि ७५ टक्क्यांची रेषा टिकली.

पुरात याहून अवघड मुद्दा इंजिनाचा. पाणी शिरलेल्या इंजिनाची किल्ली फिरवली की आतले दांडे वाकतात. विमा कंपन्या याला पुराचे नव्हे, तर नंतरच्या कृतीचे ‘परिणामी नुकसान’ म्हणतात आणि तो खर्च नाकारतात. त्यासाठी ‘इंजिन प्रोटेक्ट’ नावाचे जादा संरक्षण वेगळा हप्ता भरून आधीच घ्यावे लागते. ते नसेल, तर बुडालेली गाडी सुरू न करता टो करून वर्कशॉपात नेणे एवढेच मालकाच्या हाती उरते.