लफेव्र: फ्रान्समधले ‘लोहार’ आडनाव

लफेव्र हे फ्रान्समधील, विशेषतः उत्तर फ्रान्समधील, अतिशय प्रचलित आडनाव आहे. त्याचा अर्थ लोहार. जुन्या फ्रेंच भाषेत लोहाराला ‘फेव्र’ म्हणत. हा शब्द कारागीर या अर्थाच्या ‘फाबेर’ या लॅटिन शब्दावरून आला. पुढे लोहारासाठी ‘फोर्जरों’ हा शब्द रूढ झाला. ‘फेव्र’ आता आडनावांत आणि सोनार या अर्थाच्या ‘ऑर्फेव्र’ या शब्दात उरला आहे.

आडनाव कसे तयार झाले?

मध्ययुगात लोकसंख्या वाढली, तशी एकाच नावाची अनेक माणसे एका गावात दिसू लागली. ओळख पटावी म्हणून नावापुढे धंदा, गाव, वडिलांचे नाव किंवा शरीराची एखादी खूण जोडली जाई. नांगराचे फाळ आणि घोड्यांचे नाल यांसाठी लोहार गावोगावी लागे. त्यामुळे हे आडनाव एका कुळापासून पसरले नाही. ते अनेक गावांत स्वतंत्रपणे तयार झाले. म्हणून दोन लफेव्र कुटुंबांत रक्ताचे नाते असेलच असे नाही.

न उच्चारले जाणारे ‘बी’

या आडनावाची दोन मुख्य स्पेलिंग आहेत. एकात ‘व्ही’च्या आधी ‘बी’ हे अक्षर येते, दुसऱ्यात येत नाही. उच्चार मात्र एकच. लॅटिन शब्दातल्या ‘ब’चा फ्रेंचमध्ये ‘व’ झाला होता, पण लॅटिन मुळाची आठवण राहावी म्हणून लेखनिकांनी ‘बी’ पुन्हा घातला. त्या काळी ‘यू’ आणि ‘व्ही’ यांच्या लेखनात आजच्यासारखा फरक नव्हता. काही ठिकाणी ‘व्ही’ हा ‘यू’ म्हणून वाचला गेला आणि ‘लफेब्युर’ असे वेगळेच आडनाव जन्माला आले.

1539 च्या व्हिलेर-कोतरेच्या राजाज्ञेने चर्चमध्ये बाप्तिस्म्याच्या नोंदी ठेवणे बंधनकारक केले. तरी स्पेलिंग नोंद करणाऱ्यावर अवलंबून असे. एकाच कुटुंबाच्या नोंदी वेगवेगळ्या स्पेलिंगने सापडतात. 1794 च्या कायद्याने जन्मनोंदीतील नावाखेरीज दुसरे नाव लावण्यास मनाई केली. 19व्या शतकाच्या अखेरीपर्यंत स्पेलिंग बहुतांशी स्थिर झाले.

आज कुठे आढळते?

‘बी’ असलेले रूप नोर, पा-द-काले आणि सोम या उत्तरेकडील विभागांत दाट आहे. फ्रान्समधील सर्वाधिक प्रचलित 20 आडनावांत त्याची गणना होते. ‘बी’ नसलेले रूप नॉर्मंडी आणि आसपासच्या भागात अधिक दिसते. दक्षिणेत याच लॅटिन शब्दापासून ‘फाब्र’ आणि ‘फोर’ ही आडनावे झाली, तर साव्हुआ प्रांतात आणि फ्रेंचभाषक स्वित्झर्लंडमध्ये ‘फाव्र’. ब्रिटनीतील ‘ल गॉफ’चा अर्थही लोहारच, पण ते ब्रेटन भाषेतून आले आहे.

याचा परिणाम आकडेवारीवर होतो. आडनावांच्या याद्या प्रत्येक स्पेलिंग वेगळे मोजतात. त्यामुळे सर्वाधिक प्रचलित आडनाव म्हणून ‘मार्तँ’ पहिले येते आणि लोहारांची आडनावे अनेक ओळींत विखुरली जातात.

फ्रान्सबाहेर

17व्या शतकात गेलेल्या वसाहतकऱ्यांबरोबर हे आडनाव कॅनडातील क्यूबेकमध्ये पोहोचले आणि आजही तिथे सहज आढळते. न्यूयॉर्कजवळच्या न्यू पाल्ट्झ या वस्तीच्या संस्थापकांत या आडनावाचे फ्रेंच प्रोटेस्टंट कुटुंब होते. अमेरिकेत काहींचे आडनाव चक्क ‘बीन’ झाले, कारण ते ‘फेव्ह’ या घेवड्यासारख्या शेंगेच्या फ्रेंच नावासारखे ऐकू येते.

प्रसिद्ध व्यक्ती

1530 मध्ये संपूर्ण बायबल फ्रेंचमध्ये आणणारे जाक लफेव्र देताप्ल, नेपोलियनचे मार्शल फ्रांस्वा जोझेफ लफेव्र आणि ‘शहरावरील हक्क’ ही कल्पना 1968 मध्ये मांडणारे विचारवंत आंरी लफेव्र हे या आडनावाचे. कीटकशास्त्रज्ञ जाँ-आंरी फाब्र यांचे आडनावही त्याच मुळाचे. म्हणून फ्रेंच पूर्वजांचा शोध घेताना एकाच स्पेलिंगवर थांबू नये. त्या भागातील सर्व रूपे तपासावीत.